जोडून घेणारे मामा

कुणी चूक दाखवली की मामा आधी उजव्या हाताचा अंगठा जिभेला लावायचे. मग समोर सायकलची ट्यूबच धरली आहे असं समजून तो ओला अंगठा हवेत हळूच फिरवायचे, भोक कुठं आहे ते चाचपल्यासारखा. आणि मग म्हणायचे, "हाय, चूक हाय. जोडून घेऊ."

चूक नाकारली असं मी त्यांना कधी पाहिलं नाही. चूक खोडली असंही पाहिलं नाही. नुसतं जोडून घेऊ.

त्यांचं नाव मी सांगत नाही. नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवतही नाही. बहिणीच्या गावी राहायला आले म्हणून तिच्या लेकरांचे मामा, आणि तिथून मग सगळ्या गावाचेच मामा झाले. वसमतच्या रस्त्यावरून आमच्या गावाकडं वळायला फाटा आहे. तिथं कडुलिंबाखाली त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. सायकली भाड्यानं द्यायच्या, पंक्चर काढायचं आणि लग्नसराईत बॅटरीवरचा लाऊडस्पीकर लावायचा, असा धंदा.

आता हे सगळं आज काहून आठवलं, तर परवा माझी नात मोबाईल घेऊन आली. म्हणाली, आजी, हे बघ. कुठल्या तरी परदेशातली जुनी मालिका होती, टीव्हीवरची. माणसं यानात बसून ताऱ्यांमधून हिंडतात अशी. आणि कुणी तरी हौशी माणसानं त्यातल्या चुका काढून एकापुढं एक लावल्या होत्या. कप्तानाच्या छातीवरचा बिल्ला आधी आहे, मग नाही, मग पुन्हा आहे. दगड कोसळतो तर तो उशीसारखा उसळून परत वर येतो. एका माणसाला मागल्या भागात मारून टाकलंय आणि ह्या भागात तो मागं उभा राहून बटणं दाबतोय. नात हसून हसून लोळली. मीही हसले, पण हसता हसता माझे डोळे भरून आले. ती म्हणाली, आजी, तुला काय झालं. आता तिला काय सांगू? म्हटलं, बाई गं, ह्या सगळ्या चुका मी तुझ्याएवढी होते तेव्हा डोळ्यांनी पाहिल्यात. आमच्या फाट्यावर.

टीव्ही तेव्हा आमच्याकडं कुणी पाहिलेला नव्हता. रेडिओ होता, तोही मामांच्या दुकानात. त्याच रेडिओवर माणूस चांदावर उतरल्याचं गावानं ऐकलं. चंद्राला आम्ही चांदच म्हणायचो. ऐकून लोक घरी गेले आणि विसरले. मामा काही विसरले नाहीत. ते म्हणायचे, "उतरला म्हणजे झालं का? ऱ्हायचं कसं तिथं, ते कोण सांगंल?"

ते मग त्यांनीच सांगायचं ठरवलं. पुढल्या चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या वस्तीनं मामांच्या दुकानापुढं मांडव घालून नाटक केलं, ते मामांनी लिहिलेलं. चांदावरची वस्ती. आमच्या मराठवाड्यातली काही माणसं यानात बसून चांदावर राहायला जातात आणि तिथं घरं बांधतात, अशी गोष्ट. एका संध्याकाळीत संपेना, म्हणून चार दिवसांनी दुसरा भाग. तोही पुरेना, म्हणून तिसरा. मग पुढल्या वर्षी तिथूनच पुढं. अशी ती वस्ती वर्षानुवर्षं चालली. दिवेलागणीला गॅसबत्त्या पेटल्या की सुरू आणि जेवणाच्या वेळेआधी बंद, कारण दिवस हळद शिजवायचे असायचे आणि पहाटे सगळ्यांना चुलाणापाशी जायचं असायचं.

ह्या हळदीनंच पहिला घोळ केला. नाटकातले सगळे दिवसा हळदीच्या कामाला. हळद शिजवा, वाळवा, चोळा. हात कोपरापर्यंत पिवळे, कितीही घासले तरी पंधरा दिवस तो रंग जात नाही. तर यानातून चांदावर उतरलेले हे सगळे वीर पिवळ्या हातांचे. पुढं बसलेल्या गयाबाईनं लगेच विचारलं, "का वो मामा, चांदावर बी हळदच लावली का?"

गयाबाई म्हणजे आमच्या शेजारची म्हातारी. तिला दिसायचं कमी, पण चूक बरोबर दिसायची. नाटक झालं की दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायला लोक मामांच्या दुकानापाशी जमायचे आणि काल काय काय चुकलं ते सांगायचे. गयाबाई अध्यक्ष. ही आमच्या गावची करमणूक होती, नाटकाइतकीच मोठी. काही लोक तर नाटकाला नुसते दुसऱ्या दिवशी बोलायला मिळावं म्हणून यायचे.

मामांनी अंगठा ओला केला. म्हणाले, जोडून घेऊ. आणि दुसऱ्या भागात कप्तानानं सांगितलं की चांदावरची मातीच पिवळी आहे, हात लावला की रंग चढतो आणि उतरत नाही. झालं. आता ते खरं. मामांचा नियमच होता, एकदा सगळ्यांच्या देखत मांडवात जे झालं ते झालं. ते झालंच नाही असं म्हणायचं नाही. खोडायचं नाही. पुढल्या भागानं त्याला जागा करून द्यायची.

ह्या नियमानं बिचाऱ्या सुदामाचा घात केला. सुदामा नाटकातला देखणा वीर. पुढल्या वर्षी तो साखर कारखान्यात लागला, हळदीचं काम सुटलं, आणि हात धुतल्यासारखे साफ घेऊन चांदावर उभा राहिला. गयाबाई म्हणाली, "ह्याचे हात काहून साफ? ह्यो चांदावर गेलाच न्हाई." मामांना पटलं. पुढल्या भागात सुदामा शत्रूचा हेर निघाला. तो आठ दिवस मामांशी बोलला नाही. आपल्या आईला म्हणाला, मी हिरो होतो, ह्या म्हातारीनं मला हेर केलं. पण हेराचं काम त्यानं इतकं झकास केलं, की पुढं लग्न ठरताना मुलीकडच्यांनी विचारलं, पोरगा भरवशाचा आहे ना?

आणखी एक सांगते. वस्तीचं घर म्हणून हळद शिजवायची मोठी कढई पालथी घातलेली असायची. ती उसनी. दोन भागांच्या मधे मालकाची हळद निघाली, त्यांनी कढई नेली. तिसऱ्या भागाला चांदावर घरच नाही, माणसं उघड्यावर. मामा म्हणाले, उल्का पडली. मालक पुढंच बसले होते, ते लोकांकडं वळून म्हणाले, "ती उल्का मीच." लोक इतके हसले, की नाटक थांबवावं लागलं.

हसायचंच सगळं होतं असं नका समजू. दुष्काळाच्या साली नाटक झालं नाही. सगळे खडी फोडायला. त्याच्या पुढल्या साली वस्ती पुन्हा उभी राहिली तर माणसं तीच, पण ओळखू येईनात. अंगावरचे कपडे आधीचेच, ते लोंबत होते. चूक म्हणाल तर केवढी मोठी, कारण गोष्टीत मधे एकच रात्र गेली होती. त्या दिवशी दुकानापाशी कुणी ही चूक काढली नाही. गयाबाईनं पण नाही. मामांनी आपण होऊन जोडली. कप्तान म्हणाला, चांदावरची एक रात्र लई लांब असती. एवढंच.

हा कप्तान म्हणजे दगडू. तो आमच्या वस्तीतला नव्हता, वरल्या आळीतला, शेतकऱ्याचा पोरगा. सायकल घ्यायला म्हणून दुकानात यायचा आणि नाटकात अडकला. जयंतीच्या नाटकात त्यानं काम करायचं, ह्यावरून त्याच्या घरी काय काय झालं असेल ते तुम्ही समजून घ्या. पण त्याचा आवाज असा, की लाऊडस्पीकर नको. तर एका वर्षी दोन भागांच्या मधेच दगडूचे वडील वारले. त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे त्यानं डोक्यावरचे केस उतरवले, मिशी उतरवली. त्याच्यासाठी पुढला भाग लांबवला होता. तेराव्याचे दिवस झाले तसा तो दुकानात आला आणि म्हणाला, मामा, मी आता कसा उभा राहू, मागल्या भागात मला झुपकेदार मिशी होती. लोक हसतील. आणि ह्या बाबतीत हसलेलं मला सोसायचं नाही.

मामांनी अंगठा ओला केला. बराच वेळ फिरवला. म्हणाले, "चांदावर हवा न्हाई. केस जगत न्हाईत. जोडून घेऊ."

पण एकट्याचेच कसे गेले, हे गयाबाई विचारणार हे त्यांनाही ठाऊक. तर पुढल्या भागाच्या दिवशी मामा स्वतः डोकं करून आले. मग सुदामा. मग बाकीचे. गॅसबत्तीच्या उजेडात ती सगळी डोकी अशी चमकली, की पोरं म्हणाली, चांद एक आणि हे एवढे कुठून आले. दगडूवर कुणी हसलं नाही. त्याच्यावर एकट्यावर हसायला जागाच उरली नव्हती.

माझे वडील मात्र चिडले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. धम्म घेताना आपल्या लोकांनी त्या रीती सोडल्या त्याला किती वर्षं झाली होती, आणि सोडायला काय काय सोसावं लागलं होतं. ते दुकानात जाऊन मामांना म्हणाले, तुमी पुन्हा तिकडंच चालले का? मामा म्हणाले, "रीत म्हणून न्हाई दादा. चांद म्हणून."

दादा तसेच वळले. घरी आले आणि जेवताना एकटेच हसले.

आता माझं सांगते. मी ह्या नाटकात पृथ्वी होते.

मांडवात मुलीनं उभं राहायचं नाही, ही दादांची अट. मामा म्हणाले, दिसायची गरजच न्हाई, पृथ्वी तिथून दिसती कुठं माणसावानी? मी दुकानाच्या आत, पोत्याच्या पडद्यामागं माइक धरून बसायची आणि कर्णा बाहेर कडुलिंबावर बांधलेला. पृथ्वीचा आवाज वरून यायचा. "हॅलो चांद, हॅलो चांद, पृथ्वी बोलून राहिली." शाळा माझी तिसरीतच सुटली होती. मामांच्या हातची ती पानं वाचून वाचूनच माझं वाचन पक्कं झालं. आज हे लिहिते आहे ते त्याच जोरावर, दुसरी शाळा नाही.

मी बोलले की मामा मांडवाच्या कडेला एक बोट वर करून उभे राहायचे. बोट वर असेपर्यंत दगडूनं उत्तर द्यायचं नाही. चांद लांब आहे, आवाज पोचायला वेळ लागतो. सुरुवातीला लोक ओरडले, झोपला का रे कप्तान? पुढं पुढं त्यांनाही त्याची गोडी लागली. मी बोलायची, आणि सगळा मांडव श्वास धरून बसायचा. पोरं बोटाकडं बघत राहायची. बोट खाली आलं, की दगडू म्हणायचा, "बोल पृथ्वी, चांद ऐकून राहिला." मी पडद्याच्या फटीतून बघायची. एवढी माणसं माझं बोलणं पोचायची वाट बघताहेत, असं माझ्या आयुष्यात दुसरीकडं कुठं झालं नव्हतं.

मग माझं लग्न झालं. कळमनुरीच्या बाजूला दिली मला. तिथलं मी काही सांगत नाही, ह्या लिखाणात त्याचं कामही नाही. एवढंच सांगते, की डावा हात तिथं मोडला आणि कुणी नीट बांधला नाही म्हणून वाकडा जुळला, तो अजून तसाच आहे. मांडीवरची पोर घेऊन मी एक दिवस एसटीत बसले आणि फाट्यावर उतरले.

उतरले ती मामांच्या दुकानासमोरच. ते ट्यूब पाण्यात धरून बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. कशी आलीस, काहून आलीस, काही नाही. म्हणाले, ऊन लई हाय, सायकलवर बस, घरी सोडतो.

घरी मायनं जवळ घेतलं. दादा ओट्यावर जाऊन बसले. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. लग्न झालेली पोरगी माघारी आली म्हणजे आपल्याच हातून काही तरी चुकलं, असं त्यांना वाटायचं आणि चूक दुरुस्त करायचा एकच रस्ता त्यांना माहीत होता, परत पाठवायचं. मी दाराबाहेर पडेना. पाणवठ्यावर माझ्याबद्दल काय बोलणं चालतं ते गयाबाई येऊन सांगायची, आणि सांगून झालं की म्हणायची, जाऊ दे.

तिच्याचकडून मला एक कळलं. म्हणाली, "तू गेलीस तवापासून पृथ्वी मुकी हाय बघ. दर साली चांदवाले हॅलो हॅलो करत्यात आन् वरून कुणी बोलत न्हाई."

मला खरं वाटेना. सुदामाची बहीण होती, तिचा आवाज गोड. ती तयार होती. मामांनी तिला घेतलं नाही म्हणे. लोकांनी विचारलं तर म्हणाले, "आवाज बदलला तर चूक हुईल. गप ऱ्हायली तर चूक न्हाई. लाईन खराब हाय, एवढंच."

दोन-तीन वर्षं त्यांनी ती लाईन तशीच ठेवली होती. माझ्यासाठी ठेवली असं मी म्हणत नाही. पण जागा रिकामी होती, हे खरं.

त्या साली जयंतीच्या पंधरवड्यात सासरचा निरोप आला. सासरे आणि आणखी दोघं येणार, रात्र मुक्काम करणार आणि सकाळच्या गाडीनं मला घेऊन जाणार. दादा हो म्हणाले. माय चुलीपाशी बसून राहिली. मी पोरीचे कपडे बांधायला घेतले आणि बांधलेली गाठ पुन्हा सोडली.

पाहुणे आले त्याच दिवशी नाटकाचा भाग होता. दुपारी मामा सायकल हातात धरून आमच्या दारात आले. पाहुण्यांना रामराम केला आणि म्हणाले, आज आमचं नाटक हाय, तुमी पाव्हणे, पुढल्या बाकड्यावर बसायचं. मग दादांना म्हणाले, लाईन आली म्हणत्यात. पोरीला एवढं पाठवा. सकाळी ती जाणारच हाय, तर जाता जाता बोलून जाईल.

दादा म्हणाले, दिसणार नाही ना? मामा म्हणाले, "पृथ्वी कवा दिसली का दादा?"

मी पोरीला काखेत घेऊन गेले. तीच जागा, तोच पोत्याचा पडदा, पंक्चरच्या सोल्युशनचा तोच वास. मामांनी एक पान हातात दिलं. त्यावर दोनच ओळी. लाईन मधी तुटली होती, आता जुळली. बाकी सगळं चांदवाले बोलणार होते.

फटीतून मला बाहेरचं दिसत होतं. बाकड्यावर सासरे आणि त्यांची माणसं, शेजारी दादा. खाली गयाबाई. दगडू मधे उभा राहून, गेली दोन-तीन वर्षं म्हणत होता तसं, म्हणाला, "हॅलो पृथ्वी, चांद बोलून राहिला." आणि उत्तराची कुणालाच आशा नव्हती म्हणून लोक आपसात बोलत होते. मी माइक तोंडापाशी धरला. "हॅलो चांद, हॅलो चांद, पृथ्वी बोलून राहिली."

मांडव असा गप्प झाला, की गॅसबत्तीचा सूं सूं ऐकू आला. मामांचं बोट वर गेलं.

आणि त्या गप्पात माझी पोर रडली. भुकेली होती, की माझा आवाज झाडावरून आला म्हणून भ्याली, कोण जाणे. माइक माझ्या हातात, पोर मांडीवर. कडुलिंबावरून सगळ्या गावावर तान्ह्या लेकराचं रडणं. मी एका हातानं तिला थोपटते, तो हात वाकडा, तिला नीट धरताही येईना. मला वाटलं, आता संपलं. नाटक मोडलं आणि माझंही हसं झालं.

कुणी हसलं नाही. मामांनी बोट खाली केलं. दगडूच्या पानावर ह्याचं काहीच नव्हतं. तो वर झाडाकडं बघून म्हणाला, "पृथ्वी, ते कोण रडून राहिलं?"

मी पान बघितलं. त्यावरही काही नव्हतं. मग मामांकडं बघितलं. त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि हवेत हळूच फिरवला.

मी म्हणाले, "माझं लेकरू हाय. मी आता हितंच हाय. मी कुठं जाणार न्हाई."

मला ते बोलायचं आहे हे बोलेपर्यंत मला माहीत नव्हतं. माझाच आवाज मला वरून ऐकू आला. मामांचं बोट पुन्हा वर गेलं, आणि ह्या वेळी ते त्यांनी लवकर खाली आणलंच नाही. लोकांना पुरतं ऐकू जाऊ दिलं. मग दगडू म्हणाला, "ऐकलं पृथ्वी. सगळ्या चांदानं ऐकलं."

सकाळी पाहुणे उठले तर आमच्या ओट्यावर गयाबाई बसलेली. तिच्यामागं वस्तीतल्या बाया, आणि जरा लांब दगडू, वरल्या आळीची दोन माणसं घेऊन. कुणी भांडायला आलं नव्हतं. सासरे दादांना म्हणाले, आवरा, गाडीची वेळ झाली. गयाबाई म्हणाली, "कसं न्याल? काल बोलली ना ती, हितंच हाय म्हणून. सगळ्याइनं ऐकलं. मांडवात झालं ते झालं. आता पुढल्या भागात ती तिकडं कशी दिसंल?"

सासऱ्यांना काही समजेना. ते म्हणाले, नाटकाचं काय घेऊन बसलात? पण दादांना समजलं. मी दाराआडून त्यांचं तोंड बघत होते. रात्रभर झोपले नव्हते ते. हळूहळू, अंगावरचं ओझं कुणी तरी उतरवून घ्यावं तसे त्यांचे खांदे सैल झाले. ते म्हणाले, "व्हय पाव्हणे. पोरगी बोलून गेली. आता मला बदलता येत न्हाई. आमच्या गावात तसा कायदा हाय."

पाहुणे गाडीनं गेले. मी गेले नाही.

दादांना परत पाठवायचं नव्हतंच कधी, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांना फक्त नाही म्हणायला एक कारण हवं होतं. ते मामांच्या नाटकानं दिलं. पुढं कधी तरी मी मामांना विचारलं, तुम्ही हे ठरवून केलं का? त्यांनी पाण्यात ट्यूब दाबली, बुडबुडे वर आले. म्हणाले, "भोक कुठं हाय ते पाणी सांगतंय. मी नुसतं बघत बसतो."

त्यानंतर किती तरी साली मी पृथ्वी होते. माझी पोर पडद्यामागं वाढली आणि गोष्टीतही वाढली, कारण ती एकदा रडली होती, आता तिला मोठं करणं भाग होतं. गयाबाई दर साली विचारायची, पृथ्वीच्या लेकराला दात आले का? मामा लिहायचे, आले. पुढं मी अंगणवाडीत लागले. लेक शिकली, नर्स झाली, तिचीच ही पोरगी, मोबाईलवाली. नाटक हळूहळू थांबलं. आधी गयाबाई गेली, आणि चुका काढायला तेवढं खात्रीचं माणूस उरलं नाही, तसं मामांचंही मन उडालं. चांदावरची माणसं परत आलीच नाहीत. मामा म्हणायचे, तिथं त्यांची घरं हायेत, परत काहून येतील?

मामा शेवटी हिंगोलीला लेकाकडं राहिले आणि तिथंच गेले. गावात त्यांच्या आठवणीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, फाट्यावर, त्याच कडुलिंबाखाली. दुकान नव्हतं, तिथं आता मोबाईलचं रिचार्ज मिळतं. खुर्च्या मांडल्या होत्या. दगडू आला, काठी टेकत. डोक्यावरची टोपी काढून खाली बसला, तर डोकं ताजं केलेलं, मिशी नाही. आमच्यातलं कुणी हे करत नाही, आणि मामा त्याच्या नात्यातले नव्हते. मी जवळ जाऊन म्हटलं, दगडूभाऊ, तुमी काहून?

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की हे तुला विचारावं लागतं का. म्हणाला, "चांद म्हणून."

मग कुणी तरी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी काय बोलायचं ते घरून ठरवून गेले होते. मामांचे उपकार, त्यांचा स्वभाव, सगळं नीट. माइक हातात घेतला आणि ते सगळं गेलं. तोंडातून आलं ते हेच, "हॅलो चांद, हॅलो चांद, पृथ्वी बोलून राहिली. मी हितंच हाय."

तरुण पोरं एकमेकांकडं बघायला लागली, की बाईचं काय चाललंय. पण जुनी माणसं हलली नाहीत. त्यांनी श्वास धरला होता. दगडू वर झाडाकडं बघत होता, ओठ तयार ठेवून. आम्ही सगळे थांबलो. आवाज पोचायला वेळ लागतो हे आम्हाला माहीत होतं. किती वेळ थांबायचं एवढं मात्र कुणालाच कळेना, कारण बोट खाली करणारं माणूस तिथं नव्हतं.